कजाग आणि गोगलगाय

दवाखान्याच्या खिडकीत बसणाऱ्या मावशींच्या हाती कॅमेऱ्याचा नवा फोन आला आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. उभं आयुष्य पिवळे केसपेपर उपसण्यात गेलं होतं. धूळ आणि शिंका यांच्याशी घरोबा झाला होता. आता कागद टेबलावर सरळ करायचा, वरून फोटो काढायचा, की सगळी जुनी दुखणी फोनमध्ये आणि एक प्रत पेशंटच्या मोबाइलवर. "सावकाश करा, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सावकाश! मावशींनी बघता बघता कपाट रिकामं केलं.

एक गोष्ट मात्र साफ विसरल्या. वस्तीत एकाच नावाच्या बायका पैशाला पासरी. घोटाळा नको म्हणून मावशी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा मारत. 'घोरणाऱ्याची बायको'. 'फुकट सल्ला देणारी'. 'कजाग'. फोटोत पेन्सिलही झकास उठली.

सकाळी खिडकीवर सुतार हजर. "मावशी, मी घोरतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्याच बायकोने. झोप का लागत नाही, असं विचारल्यावर."

रांग खदखदून हसली. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. कजागबाई तेवढ्या फिरकल्या नाहीत. त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या असणार, हे मावशींना पक्कं ठाऊक. गोळ्या या खिडकीतूनच तर जायच्या. शेवटी सिस्टरला, बीपीच्या मशीनला आणि गोळ्यांना घेऊन मावशी थेट कजागबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"माफी मागायला आलीस?"

"मागते. आधी हात पुढे कर."

"नाही करत जा! आमचा मोबाइल सुनेकडे असतो. तिने मोठ्याने वाचलं, आणि माझा पोटचा पोरगा फिदीफिदी हसला!"

"अगं, तुझं आणि तुझ्या जावेचं नाव एक, आडनाव एक, घर एक. तिला साखरेच्या गोळ्या, तुला बीपीच्या. अदलाबदल झाली असती म्हणजे?"

कजागबाई हळूच म्हणाल्या, "तिच्या कागदावर काय लिहिलंयस?"

"गोगलगाय."

"काय?" आतून जाऊबाई किंचाळल्या.

कजागबाईंना जे हसू फुटलं, ते आवरेचना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. "आजी, थांबा हो," सिस्टर म्हणाली, "असं हसताना बीपी मोजता येत नाही." हसू ओसरल्यावर मोजलं. चढलेलंच होतं. रागाच्या भरात गोळ्या सोडणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? गोळी तिथेच, मावशींच्या डोळ्यांदेखत गिळली गेली.

मावशींचा जीव भांड्यात पडला. "आता फोनमध्ये प्रत्येकीचा चेहराच घेणार आहे. शेरे पुसून टाकते."

"खबरदार! माझा राहू दे. तिचा तर राहायलाच हवा. आणि तुझ्या केसपेपरवर काय आहे गं?"

"काही नाही. माझ्या नावाची वस्तीत मी एकटीच."

"असं होय! उद्या येते. पेन्सिलीला टोक काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच रांगेत पहिल्या कजागबाई, मागे गोगलगाय. मावशींच्या केसपेपरवर कजागबाईंनी जीभ बाहेर काढून, मन लावून लिहिलं: 'आगाऊ'. मावशींनी चष्मा पुसून वाचलं, कागद सरळ केला आणि फोटो काढला.

कजागबाईंनी खिडकीतून मान आत घातली. "अजून जवळून घे. पेन्सिल फिकी दिसतेय."