मधल्या शीलकीर्तींची पावलं

फोन मंदिराच्या अध्यक्षांचाच आला. "ताई, दादा गेले." मी हिंगोलीत माझ्या औषधाच्या दुकानात होते. समोरचं गिऱ्हाईक उरकलं, शटर ओढलं आणि जवळा बाजारच्या पुढच्या आमच्या गावाची बस धरली. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, इतिहासाचे निवृत्त मास्तर. दुपारी जेवून खुर्चीत टेकले ते टेकलेच. गावात म्हणतात, धसक्यानं गेले. मी म्हणणार नाही. त्यांना साखर होती आणि ते गोळ्या चुकवायचे. पण शेवटचे काही महिने ते मंदिराकडे फिरकले नव्हते, हेही खरं...

आमच्या जैन मंदिराच्या अंगणात दगडात कोरलेल्या चरणपादुकांच्या तीन जोड्या होत्या. तिन्हींखाली नाव एकच, शीलकीर्ती. गाव समजे, हे एकच महाराज, शंभरी ओलांडलेले. दादा म्हणत, तिघं वेगळे. मठाच्या गादीवर बसताना जुन्या गुरूंचं नाव घ्यायची त्यांच्यात रीत होती. दाढीचा गोल आरसा घेऊन दादा सकाळी दगडापाशी उकिडवे बसत. आरशातलं ऊन तिरकं पाडलं की झिजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसत. "नाव काय बघतीस? चेला कोनाचा ते बघ, शक बघ," मला सांगत. असं करत त्यांनी तिघांना वेगळं काढलं. पहिल्यांनी मंदिर बांधवलं, तिसऱ्यांनी मूर्ती बसवल्या. मधले गादीवर बसले आणि वारले, दोन्हीचा शक एकच. दादांचा जीव नेमका त्यांच्यावर. "ज्यांनी काई केलंच न्हाई, त्यांच्यासाठी एवढं काहून?" मी एकदा विचारलं. "म्हणूनच. त्या दोघांच्या मागं मंदिर हाय, मूर्ती हाईत. ह्यांच्या मागं ही पावलंच."

मग जीर्णोद्धार निघाला. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "सर, एक महाराज शंभर वर्षं जगले म्हटलं की यात्रेकरू हात जोडतात. तीन म्हटलं की विचारतात, कोनते?" "बराबर विचारतात," दादा म्हणाले. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. ठसठशीत दोन जोड्या संगमरवरी छत्रीखाली गेल्या. एक महाराजांच्या दीक्षेची, दुसरी त्यांच्याच समाधीची, असं पाटीवर लिहिलं. मधली जोडी फार झिजलेली, ती नव्या फरशीखाली गेली. दादा घरी आले, हातपाय धुतले, जेवले. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी दादांच्या फोटोला हार घातला. "आपल्या शतायुषी महाराजांचा इतिहास सरांनीच उजेडात आणला." मी उठून म्हणाले, "तीन होते. मधल्यांना तुमी पुरलं." कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या ताईंना." मी प्यायले. तहान लागलीच होती.

परवा अध्यक्ष तो आरसा मागायला आले. मंदिरात काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे, सरांची आठवण. दिला नाही. दुसऱ्या सकाळी मीच तो घेऊन अंगणात गेले, अंदाजानं मधल्या जागी उकिडवी बसले आणि दादांसारखं ऊन तिरकं पाडलं. फरशी नवी, गुळगुळीत. सावली उठायला तिच्यावर काही नव्हतंच. पूजेचं ताट घेतलेली गावातली एक सून समोर येऊन थांबली.

"ताई, वाटेतच काहून बसल्या?"

"बाजूनं जा," मी म्हणाले आणि आरसा तसाच धरून ठेवला.