नऊ मुली आणि संध्याकाळचं पाणी

माझी मुलगी पाचवीत असताना शाळेच्या सरांनी तिला खो-खोत घेतलं. तेव्हाच ते म्हणाले होते, पाय चांगले आहेत, पण आवाज नाही. खो-खोत आवाज लागतो. पळणारी मुलगी बसलेलीच्या पाठीला हात लावते आणि जोरात 'खो' म्हणते, मग बसलेली उठून पळते. खो ऐकू आला नाही तर पंच शिट्टी मारतात. माझ्या मुलीचा खो तिचा तिलाच ऐकू यायचा. तो गुण माझा. मी डोंबिवलीला पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करते, तिथल्या बायका म्हणतात, हिच्यापेक्षा हिचा तवा जास्त बोलतो.

ठाकुर्लीला आमच्या चाळीकडे येताना शाळेच्या मैदानाची भिंत लागते. मुलगी सहावीत गेली त्या वर्षी एकदा भाजी घेऊन येत होते. भिंतीपलीकडून एक 'खो' आला, खणखणीत. मी चालता चालता थांबले. आवाज माझ्या मुलीचा होता. घरात तिने तसा आवाज कधी काढला नव्हता. मी भिंतीला टेकून आणखी दोन-चार ऐकले आणि घरी आले. कोणाला काही बोलले नाही, पण त्या दिवशी आमटी छान झाली.

तेव्हा मैदानावर मुली मावत नव्हत्या. सर दोन संघ करून आपसात खेळवायचे. मग त्या कमी व्हायला लागल्या. ज्यांच्या घरी पगार वाढला त्यांना शाळा सुटली की क्लास लागला. एकीला तर फी भरून स्केटिंगला घातली, पुढे अभ्यास वाढला म्हणून तेही बंद केलं. ज्यांच्या घरी ओढाताण वाढली त्यांच्या मुली आईच्या जागी उभ्या राहिल्या. कोणी धाकट्या भावाला सांभाळते, कोणी कणीक मळून ठेवते. खेळ आवडत नाही म्हणून कोणीच गेली नाही.

माझा नवरा माजिवड्याला एका टॉवरवर वॉचमन आहे. तो त्या टॉवरला आमची सोसायटी म्हणतो. जेवताना सांगायचा, "आमच्या सोसायटीत खोटं गवत अंथरलंय खेळायला. मोठे मोठे दिवे आहेत. पोरं नाहीत. येतात ती पैसे देऊन शिकायला येतात, बाजूला बाई बाटली धरून उभी. तास संपला की लिफ्टमध्ये."

मुलगी म्हणाली, "मग आम्हाला द्या ना ते."

"सेक्रेटरीला विचारतो हां," तो म्हणाला, आणि आम्ही हसलो.

यंदा ती आठवीत. दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरी आली ती दप्तर न काढता तशीच बसून राहिली. संघात आठच मुली उरल्या होत्या. मैदानात नऊ लागतात. ठाण्याला स्पर्धा होती आणि सरांनी सांगितलं होतं, शनिवारपर्यंत नऊ झाल्या नाहीत तर शाळा संघ पाठवणार नाही. यंदा नाही पाठवला तर पुढे सराव पण बंद. त्या वेळेला मैदानात दहावीचा जादा वर्ग बसवायचं चाललं होतं.

"ती आली नाही ना आई, तर संपलं."

ती म्हणजे आमच्याच चाळीतली, कोपऱ्यावरच्या खोलीतली मुलगी. खांबाजवळ झेप घेऊन गडी बाद करायची ती. तिच्या आईने, म्हणजे वहिनींनी, संध्याकाळची स्वयंपाकाची दोन घरं धरली होती. आमच्या नळाला पाणी येतं संध्याकाळी, सरावाच्याच वेळेला. आता ते पाणी भरणं मुलीवर आलं होतं. तिला मोठा भाऊ आहे, पण तो हंड्याला हात लावत नाही.

"तू सांग ना काकूंना," मुलगी म्हणाली.

"मी? सरांना सांगू दे."

"सर येऊन गेले. काकू म्हणाल्या, सर, तुम्ही भरता का पाणी? सर गेले मग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या वयाने मोठ्या आणि तोंडाने सरळ. मी दारात उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं, पण सगळं गेलं.

"काय गं, काय पाहिजे? साखर?"

मी हो म्हटलं.

त्यांनी वाटीभर साखर दिली. ती घेऊन मी परत आले. घरात साखरेचा डबा भरलेला होता. मुलीने शाळेतून आल्यावर विचारलं, "बोललीस?" मी वाटी दाखवली. तिने कपाळाला हात लावला, पण मग तिला हसू आलं, आणि मलाही.

वाटी परत द्यायलाच हवी होती, आणि रिकामी वाटी कोणी परत करत नाही. मी शेंगदाण्याची चटणी कुटली आणि वाटीत भरून पुन्हा गेले. वाटी त्यांच्या हातात देताना मान खाली घालूनच म्हटलं, "वहिनी, तुमचं पाणी मी भरीन. तिला खेळायला जाऊ दे."

"म्हणजे? आम्ही काय पाणी भरायला बाई ठेवलीय?"

त्यांचा आवाज चढला होता. एरवी मी तिथूनच मागे फिरले असते. पण माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं, ते नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मी चौथीनंतर शाळा सोडली ती पाण्यासाठी. गावाला विहीर लांब, आई मजुरीला जायची. माझ्या वर्गातल्या मुली मैदानात खेळायच्या, मी त्यांच्या बाजूने हंडा घेऊन जायचे. त्या हाका मारायच्या. मी बघायचे नाही."

वहिनींनी चटणीत बोट बुडवून चाखली.

"लसूण जास्त घातलायस."

"हो."

"बरी लागतेय." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन पिंपं आहेत आमची. बघ हां. नंतर कंबर धरून बसशील."

आतापर्यंत आमचं तेवढं भरून मी संध्याकाळच्या पोळ्यांना पळायचे; दोन घरांचं पाणी भरायचं म्हणजे त्या पोळ्या सोडाव्या लागणार होत्या. केंद्राच्या मालकीणबाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "खो-खोसाठी? अगं, घरात आजारपण असतं तर समजले असते." मी त्यांना हं म्हटलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने बोटांवर हिशेब केला. त्या पैशांत आमचा गॅस भागायचा. मग म्हणाला, "मी रविवारची ड्युटी मागतो." एवढंच.

पहिल्या दिवशी नळावर मी आमचे हंडे लावले आणि मागे वहिनींचे लावले. निळ्या ड्रमवाली एक आहे आमच्याकडे, तिला सगळे घाबरतात. तिने वहिनींचे हंडे पायाने बाजूला सरकवले.

"एका बाईला एक नंबर. दोन घरची सून झालीस काय तू?"

दुसरी म्हणाली, "पगार किती देतात गं?" सगळ्या हसल्या.

माझे कान तापले. भिंतीपलीकडून ऐकलेला तो खो मला आठवला, असं लिहिलं तर छान वाटेल, पण तेव्हा काहीच आठवलं नाही. मी ते हंडे उचलून परत जागेवर ठेवले आणि बोलले, "हा नंबर त्यांचा आहे. रोज त्यांची मुलगी उभी राहते तिथे आज मी उभी आहे. हे हंडे हलवायचे नाहीत."

बोलले ते एवढ्या मोठ्याने की समोरच्या खोलीतून एक म्हातारी बाहेर आली.

"अगं बाई," कोणीतरी म्हणालं, "हिला आवाज आहे!"

पुन्हा हसल्या, पण हंडे राहिले तिथेच. त्या दिवसापासून मी दोन्ही घरांचं भरत गेले. कंबर दुखली, ते खरं. पण पाणी भरताना मैदानावरचा आरडाओरडा चाळीपर्यंत ऐकू यायचा आणि त्यात आठ नाही, नऊ मुली होत्या.

ठाण्याच्या स्पर्धेला मी गेले. याआधी मी तिचा खेळ भिंतीबाहेरून ऐकला होता, नीट बघितला नव्हता. समोरच्या संघाच्या मुलींचे बूट, कपडे, पिशव्या, सगळं एकसारखं. त्यांच्या आया घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. एकीने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुमची कुठली?"

"ती बारीक. ती खो देतेय ना, ती."

"केवढा आवाज आहे हो तिचा!"

मी म्हटलं, "हो. आहेच."

एवढं मी अनोळखी बाईशी कधी बोलत नाही.

माझी मुलगी पळत आली, खांबाजवळ बसलेलीला तिने खो दिला, आणि कोपऱ्यावरच्या खोलीतली ती उठली ती सरळ हवेत. मातीत पडली तेव्हा समोरची बाद होती. नवरा जेवणाच्या सुट्टीत माजिवड्याहून युनिफॉर्मवरच आला होता. तो शिट्टी वाजवायला लागला, ड्युटीची. पंचांनी वळून बघितलं, तेव्हा त्याने पटकन खिशात घातली. पहिला सामना आमच्या मुली जिंकल्या. दुसरा हरल्या, समोरच्या फारच तयारीच्या होत्या. सर मात्र शाळेत फोन करून जिंकलेल्याच सामन्याचं सांगत होते.

वहिनींना कामाची घरं सोडून येता आलं नव्हतं. रात्री त्या परतल्यावर मी त्यांच्या दारात गेले.

"पडली का कुठे?" त्यांनी विचारलं.

"झेप घेतली. गुडघा सोललाय."

"आणि समोरची? बाद झाली का?"

"झाली."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या गुडघ्याला हळद लावायला आत गेल्या. आतून त्यांचा आवाज येत होता, कशी उडालीस, परत सांग.

दुसऱ्या दिवशी नळावर निळ्या ड्रमवाली माझ्या मागेच होती.

"काय गं, हरल्या ना?"

"एक जिंकल्या. एक हरल्या."

"हं." तिने ड्रममधलं कालचं पाणी ओतून टाकलं. "आमची धाकटी सहावीत आहे. पळते बरी. सरांना चालेल?"

"चालेल."

"उद्या धाडते. पण माझं पाणी माझं मी भरीन हां. तुझे उपकार नकोत मला."

"भर की," मी म्हटलं. आणि माझा हंडा बाजूला ठेवून तिच्या ड्रमला एका बाजूने हात लावला. भरल्यावर तो एकटीला हलत नाही.