सल्फेटचं पोतं आणि म्हादूकाकांची ज्वारी

आमच्या घरात शेतीतलं कळणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मी. हे मत माझं एकट्याचं होतं, पण पक्कं होतं! महाराष्ट्र राज्य नवंनवं झालेलं, मी मेहकरहून मॅट्रिक होऊन (दुसऱ्या खेपेला) गावी परतलेलो, आणि माझ्या बडबडीला कंटाळून बाबांनी नाल्याकडचं खोलगट वावर माझ्या हवाली केलेलं. अट एकच: कापूस नीट पिकवला तर पुढच्या साली सगळा कारभार माझा, नाहीतर मी मुकाट्याने बैलांमागे.

श्रावणात आठ दिवस झड लागली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, घोटाभर पाण्यात उभी राहून पिवळी पडली. मी खताची पुस्तिका काढली. पीक पिवळं पडल्यास नत्र द्यावं, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याआधी पाण्याच्या निचऱ्यावर पानभर मजकूर होता, तो मी प्रस्तावना समजून सोडून दिला.

“पयले पाणी काढ बे, मंग खत टाक,” बाबा म्हणाले.

“तुमाले नाही समजत बाबा. हे सायन्स आहे!”

आणि सल्फेटचं, म्हणजे नत्राच्या खताचं, अख्खं पोतं मी मुठीमुठीने त्या तळ्यात फेकलं. खडे साखरेसारखे विरघळले. दोन दिवसांनी पऱ्हाटी आणखी पिवळी! तेव्हा कुठे मी प्रस्तावना वाचली.

आता पाणी काढायचं, तर खालच्या अंगाला म्हादूकाकांच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, आडवा. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्याच धुऱ्यावरून दोघांत कित्येक वर्षांचा अबोला.

“तुह्या वावरातलं पाणी माह्या ज्वारीत काऊन घेऊ?”

“पाया पडतो काका. निरं पाणीच आहे, उतारानं नाल्यात निघून जाते!”

मी खरोखरच पाया पडलो. आईने पुरणाच्या पोळ्या धाडल्या. पोळ्या संपल्यावर काकांनी मोठ्या मनाने होकार दिला, पण धुरा मीच फोडायचा, चर मीच खणायचे, तेही ज्वारीच्या तासातासातून, ओळींच्या मधून, ज्वारीचं एक धाट न मोडता! दोन दिवस मी चिखलात राबलो. आमच्या वावरातसुद्धा इतक्या काळजीने मी कधी पाणी फिरवलं नव्हतं.

पंधरा दिवसांत काकांची ज्वारी काळीशार हिरवी झाली. लोक पाहायला येऊ लागले. “जमीनच कसदार हाये माही!” काका सांगायचे. आणि वरच्या अंगाला आमची पऱ्हाटी, कावीळ झाल्यासारखी! मला अक्षरशः रडू आलं. बाबांनी नुसतं बैलांकडे बोट दाखवलं.

पुढच्या साली पुन्हा झड लागली. आणि काय आश्चर्य! एवढ्या वर्षांचा अबोला मोडून म्हादूकाका आमच्या ओसरीवर हजर.

“भाऊ,” ते बाबांना कळवळून म्हणाले, “पोराले कारभार देऊन पाहा ना! लय हुशार हाये. धुरा मी फोडून ठेवला हाये.”

माझ्या शेतीज्ञानावर विश्वास ठेवणारा तो पहिला आणि शेवटचा शेतकरी.