न वाचलेली दरखास्त

मला तेलुगु वाचता येत नाही. आज हे धडधडीत लिहिते आहे, पण बावीस वर्षं मी ते कुणापुढे कबूल केलं नव्हतं. मी मूळची किनवटकडची. लग्न होऊन इकडे तेलंगणात आले आणि इचोडा-नेरडीगोंड्याच्या पट्ट्यातल्या एका गावात मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायला लागले. बोलायचं म्हणाल तर तेलुगु फाडफाड बोलते. भाजीवालीशी भांडते, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरला झापते. पण लिहिलेला कागद पुढे आला की नुसत्या जिलब्या दिसतात. शाळेत कुणी परिपत्रक हातात दिलं की मी चष्मा शोधायचं नाटक करायची, नाहीतर "तुम्हीच वाचा हो, डोकं दुखतंय" म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. गल्लीत सगळे मला 'बाई' म्हणत, आणि बाईला वाचता येत नाही हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आमची गल्ली हायवेला लागून. वरच्या अंगाच्या धाब्यांचं सगळं सांडपाणी आमच्या दारांवरून वाहतं. ग्रामपंचायतीनं सिमेंटची नाली मंजूर केली तेव्हा गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. नाली झाली. कमरेएवढी खोल झाली, आणि तशीच उघडी राहिली. मंजुरीत वर लाद्यांची झाकणं होती. ती काही आली नाहीत. मग ज्याला जे सापडलं ते त्यानं दारापुढे टाकलं. कुणी फरशी, कुणी जुन्या दाराची फळी, मी लोखंडी जाळी.

माझ्या समोर मावशी राहते. नात्यानं माझी कुणी नाही, पण मी तिला मावशीच म्हणते. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिनं मुलाला शिकवलं. तो हैदराबादला क्लार्क आहे, ही इथं एकटी. काचबिंदूनं एक डोळा गेला, दुसऱ्याला उजेड-सावली एवढंच कळतं. तरी दर रविवारी पांढरं लुगडं नेसून, भिंत चाचपत ती गल्लीच्या टोकाला विहारात वंदनेला एकटी जायची. नाली झाली आणि ते बंद पडलं.

"फळी हालते वं बाई," ती म्हणायची. "पाय उचलला का जीव घाबरते."

"मी नेते ना तुला," मी म्हणायची.

"आज तू नेशीन. उद्या कोन नेईन? मले माह्या पायानं जायचं हाय."

झाकणं नव्हती म्हणून आम्हाला वास यायचा, डास चावायचे. मावशी मात्र घरातच कोंडली गेली होती.

आता काका. तहसील कचेरीतून रिटायर झालेले क्लार्क, आमच्याच गल्लीतले, आमच्याच बोलीचे. निजामाच्या काळापासून कचेरीत मुरलेली उर्दू त्यांच्या तोंडात, आणि तेलुगु अक्षर असं की तेलुगु लोकांनी मान डोलवावी. गल्लीतला कुठलाही अर्ज, कुठलीही दरखास्त त्यांच्या ओसरीवर लिहिली जायची. रेशनकार्ड असो, पेन्शन असो, जातीचा दाखला असो, "काकाकडे जा" एवढंच उत्तर. एक दमडी घेत नसत. माझ्या बदलीचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. माझे सासरे गेले तेव्हा वारसाचे कागदही त्यांनीच केले. मला सूनबाई म्हणत. मीही त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय कधी बसले नाही.

झाकणांसाठी पंचायतीत अर्ज द्यायचं ठरलं तेव्हा आम्ही अर्थातच काकांकडे गेलो. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून दोन पानी कागद दिला. पहिल्या पानावर मजकूर, दुसऱ्यावर दस्तखतांसाठी ओळी आखलेल्या.

"सूनबाई, घरोघरी तूच फिर. तुह्या शब्दाले वजन हाय," ते म्हणाले.

मी फुशारले. खोटं कशाला सांगू?

शाळा सुटल्यावर तीन संध्याकाळी फिरले. आमच्याकडची रीत अशी की कागद कुणी वाचत नाही, आणणाऱ्याचं तोंड वाचतात. निम्म्या गल्लीला माझ्यासारखंच, बोलता येतं पण वाचता येत नाही. ज्यांना येतं तेही म्हणाले, काकांनी लिहिलं, बाईंनी आणलं, मग आपण काय वाचायचं? प्रत्येक दारात एकच प्रश्न. "काय लिहलं हो बाई?" आणि मी प्रत्येक दारात एकच उत्तर देत होते. "लाद्या मागितल्यात. लवकर टाका म्हटलंय. मी वाचलंय सगळं."

मी वाचलंय. किती सहज निघत होतं तोंडातून! लेक माझी वारंगलला शिकते. कागदाचा एक फोटो तिला पाठवला असता तर दोन मिनिटांत वाचून सांगितलं असतं. पण मग तिलाही कळलं असतं की आईला अजून येत नाही. लेकीपुढेसुद्धा माझी ऐट होती, बघा.

मावशीकडे सगळ्यात आधी गेले होते. तिचा अंगठा मी स्वतः शाईत बुडवून पहिल्या ओळीवर टेकवला. तिनं विचारलं, "वाचलं ना तू नीट?"

"वाचलं गं. तुझ्या फळीचंसुद्धा लिहिलंय त्यात," मी म्हणाले. हे तर मी पदरचंच जोडलं.

तिच्या अंगठ्यासकट अडतीस दस्तखत झाले. कागद काकांनीच पंचायतीत नेऊन दिला. मग एक महिना गेला, दोन गेले, लाद्यांचा पत्ता नाही. काकांना विचारलं की ते म्हणायचे, "सरकारी काम हाय, धीर धर." तेवढ्यात एका सकाळी मावशी पडली. अंगणात वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडून नालीपलीकडे गेलं, ते आणायला निघाली आणि फळीवरून पाय सटकला. आम्ही तिघी-चौघींनी तिला वर काढलं तेव्हा छातीपर्यंत धाब्यांच्या तेलकट घाणीनं माखलेली. गुडघा फुटला होता. रडत नव्हती. "मले धुवा आधी," एवढंच म्हणत होती. तिला न्हाऊ घालताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, येऊ द्या ग्रामसभा. एकेकाला पाहते.

ग्रामसभेला अख्खी गल्ली घेऊन गेले. मावशीलाही धरून नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं, तिचा पट्टी बांधलेला गुडघा सगळ्यांना दिसावा म्हणून. सरपंच, पंचायतीची सेक्रेटरी, आणि त्यांच्या बाजूला मानाच्या खुर्चीवर काका. मला बरंच वाटलं. आपलं माणूस वर बसलंय, आता बोलेल.

मी उभी राहिले आणि तेलुगुतून सुरू झाले. काय काय बोलले ते सांगत नाही, पण सरपंचाला म्हटलं की तुमच्या दारासमोर लाद्या आल्या त्या काय पावसात उगवल्या का? लोक हसले, टाळ्या पडल्या. "आमची दरखास्त तुमच्याकडे पडून आहे. अडतीस दस्तखत आहेत. तिचं काय केलंत ते आज सगळ्यांसमोर सांगा!"

सेक्रेटरी निर्मल जिल्ह्यातली, नव्यानंच बदलून आलेली तरुण मुलगी. ती गोंधळली. तिनं फाइल उघडली, कागद काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"मेडम, हीच ना तुमची दरखास्त?"

"हीच. वाचा, मोठ्यानं वाचा!" मी म्हणाले.

तिनं वाचलं. ऐकलेलं तेलुगु आम्हा सगळ्यांना कळतं, तीच तर पंचाईत झाली. आम्ही खाली दस्तखत करणारे रहिवासी लिहून देतो की नालीचं काम आमच्या पसंतीप्रमाणे पूर्ण झालं आहे. वरून झाकणं टाकली तर गाळ काढायला अडचण होते, सबब आमच्या गल्लीत झाकणं टाकू नयेत अशी आमची विनंती आहे. ठेकेदाराबद्दल आमची काही तक्रार नाही.

मग तिनं नावं वाचायला घेतली. पहिलं मावशीचं.

बाप्पा रे. मी काकांकडे पाहिलं, आणि काका चष्मा पुसत होते. नालीचं काम कागदावर दुसऱ्याच कुणाच्या नावानं घेतलेलं, पण खरं करणारा काकांचा जावई, हे माहीत सगळ्यांना होतं. त्याचा काकांच्या अक्षराशी संबंध जोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. कुंपणच शेत खातं म्हणतात, शाळेत मराठीच्या तासाला पोरं दरवर्षी त्याचा वाक्यात उपयोग करतात.

"काका, हे काय आहे?" मी मराठीतच ओरडले.

ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, मले काऊन विचारून राह्यली? कागद घेऊन घरोघरी तू फिरली. वाचला म्हनून तूच सांगतलं सगळ्याले."

हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "हाव, बाईनंच सांगतलं." मग दुसऱ्यानं. मग सगळी गल्ली माझ्याकडे पाहायला लागली. सरपंच हसला नाही, पण त्यानं मान खाली घातली ती हसू लपवायलाच. सेक्रेटरी बिचारी म्हणाली की दस्तखत तुमचेच आहेत, ते मागे घ्यायचे तर त्याच लोकांनी पुन्हा लिहून द्यावं लागेल. मी खाली बसले. मावशी माझ्या बाजूलाच होती. 

सभेहून मी सरळ काकांच्या ओसरीवर गेले. पदर घेतला नाही.

"केसानं गळा कापला तुम्ही," मी म्हणाले. "मावशी नालीत पडली, पाहिलं ना तुम्ही?"

 ते म्हणाले की झाकणांपायी जावयाचं बिल अडकलं होतं, पोरीचा संसार होता, पुढच्या वर्षी लाद्या टाकूनच देणार होतो. माणसं म्हणतात तसलं सगळं म्हणाले. मी विचारलं, "आणि मी वाचलं असतं तर?"

काका हसले. वाईट हसले नाहीत, मायेनंच हसले, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

"तुले वाचता येत नाई, हे मले तुह्या बदलीच्या अर्जापासून मालूम हाय. उलटा धरला होता तू कागद. मी काई बोललो नाई, तुही इज्जत राखली. म्हनून तर हा तुह्या हाती देला. तू वाचनार नाई, अन् येत नाई म्हनून कोनाले सांगनार बी नाई."

मी तिथून उठून घरी कशी आले ते आठवत नाही. नवऱ्यानं जेवायला वाढलं, ते तसंच राहिलं. त्या माणसाला मी सासऱ्याच्या जागी मानलं होतं, आणि त्यानं माझ्या सगळ्या गुणांतून नेमकी माझी लाज निवडून कामाला लावली. असा राग आला होता की काकांची ओसरी पेटवून द्यावी. आणि रडू येत होतं ते वेगळंच, कारण माझ्याबद्दल तो खोटं काहीच बोलला नव्हता.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं नवा मजकूर फोनवर पाठवला. तो मी माझ्या हातानं उतरवला, एकेक अक्षर चित्र काढावं तसं. चार दिवस लागले. आणि मग पुन्हा तीच अडतीस दारं.

प्रत्येक दारात आधी सांगितलं की मला वाचता येत नाही, मागच्या वेळी मी खोटं बोलले. काही जणांनी मुकाट्यानं सह्या केल्या. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. एकजण म्हणाला, "मंग पोरायले काय शिकवता हो बाई?" उलट उत्तर द्यायचा तोरा आता उरला नव्हता.

मावशीकडे शेवटी गेले. मुद्दाम शेवटी, धीर होईना म्हणून. ती बाजेवर बसली होती, पाय लांब करून. मी सगळं सांगितलं, काका काय म्हणाले तेही. म्हटलं, "मावशी, त्यांनी फसवलं गं आपल्याला. इतकी वर्षं विश्वास ठेवला त्यांच्यावर."

तिनं मान माझ्या आवाजाकडे वळवली.

"त्याच्यावर मी कवाच नाई ठेवला, बाई," ती म्हणाली. "कचेरीतला मानूस. त्याचा कागद हाय म्हनून तर तुले इचारलं होतं, वाचलं का म्हनून. अंगठा मी तुह्यावर ठेवला."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सावकाश काढून घेतला, रागानं नाही.

"कागद ठेवून जाय तिथं," ती म्हणाली. "सकाळी दूध घेऊन ते तेलुगु बाई येते. तिच्याकून वाचून घेतो, मंग देतो अंगठा."

मी कागद बाजेवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर तिचा तांब्या ठेवला, आणि घरी आले.