आरपार कापलेली अक्षरं

"आडनाव कशाला गं बोर्डावर?" काकू म्हणाल्या.

जबलपूरच्या गोल बाजारातलं फ्लेक्सचं दुकान. दुपार. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा बोर्ड उघडलेला. पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरं. गजभिये रसोई. खाली बारीक, घरगुती मराठी जेवण, टिफिन मिळेल. माझं आडनाव, लग्नानंतरही न बदललेलं, एवढं मोठं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

काकू म्हणजे माझ्या होणाऱ्या दुकानाच्या मालकीण. नेपियर टाउनमध्ये त्यांचं घर. रस्त्याकडची खोली मला भाड्याने द्यायचं ठरलं होतं. बोर्ड त्यांच्या भिंतीवर लागणार, म्हणून आकार बघायला त्या माझ्यासोबत आल्या. त्यात काही गैर नव्हतं.

"नुसतं रसोई लिही ना. नाहीतर असं कर." काकूंचा चेहरा एकदम उजळला. "माझं आडनाव टाक. खरंच टाक, माझी काही हरकत नाही. आमचं नाव वाचलं की लोक डोळे मिटून जेवतील."

डिझाइन करणारा भैया हसला. "काकी जी सही बोल रही हैं, दीदी. खाने के धंधे में नाम ही तो बिकता है."

मी काही बोलायच्या आत त्याने माझं आडनाव निवडलं आणि एक बटण दाबलं. आडनाव गेलं. रसोई तेवढी राहिली. तिच्या आधीच्या रिकाम्या जागेत एक काळी रेघ लुकलुकत होती.

"हां काकी जी, बोलिए. क्या लिखूँ?"

त्याने मला विचारलं नाही. काकूंना विचारलं.

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझं काही नाही हं. मी तर इतकी वर्षं तुझ्याच हातचं खाते. पण लोकं. तू समजदार आहेस."

समजदार. हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा. तो नेहमी काहीतरी काढून घेताना वापरतात.

"उद्या सांगते," म्हटलं आणि पर्स उचलली.

मी कामात मुरलेली बाई. घरोघरी टिफिन पोहोचवण्यात माझी उमर गेली. कोणतंही काम हातात घेतलं की आधी मुद्दे काढते. बोर्डाचेही काढले होते. जबलपूरच्या उन्हात लाल फ्लेक्स एका उन्हाळ्यात गुलाबी होतो, तेव्हा रंग कोणता घ्यावा. समोरच्या कडुलिंबाची फांदी आड येते, तेव्हा उंची किती ठेवावी. रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी अक्षरं. फोन नंबर खाली की बाजूला. सगळं होतं. आडनाव लावायचं की नाही, हा मुद्दाच नव्हता. नाव माझं आहे, त्यात ठरवायचं काय.

घरी आले. आम्ही रांझीला राहतो, मी आणि माझे वडील. बाबा फॅक्टरीत फिटर होते. आता थकले आहेत, कमी बोलतात. चहा देताना त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलून राहिली."

"बाबा?"

"काहून लावतं आडनाव? धंदा करायचा आहे का भांडण? भूक लागल्यावर मानूस पाटी वाचते काय?"

"वाचते बाबा. आपलं तर पातेलंही वाचलं होतं."

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी ते बोलायला नको होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. आता वाटत नाही.

पातेलं आईचं. पितळी, मोठं, जाड काठाचं. नागपूरहून लग्नात आलेलं. काठाखाली कासाराने आईचं पूर्ण नाव कोरून दिलं होतं, आडनावासकट. भांड्यांवर नाव असायचंच. कार्यात भांडी एकमेकांच्या घरी जात, आणि परत येताना ज्याचं त्याला मिळावं, एवढ्यासाठी.

मी लहान होते तेव्हा. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये नवे होतो. मराठी घरं बरीच होती. बाबांना सगळे नावाने हाक मारायचे, आडनावाने नाही. वरच्या मजल्यावर बारसं निघालं. मसालेभातासाठी मोठं भांडं हवं होतं. शेजारणीने आईचं पातेलं मागितलं. आई इतकी खूश झाली. चिंच लावून तिने ते असं घासलं की त्यात माझं तोंड दिसत होतं. पातेलं वर पोचवायला मी गेले. नवा फ्रॉक घालून गेले, कारण मुलांना तिथेच जेवायला बसवणार होते.

भात झाला. पहिल्या पंगतीत आम्ही मुलं. मला वाढून झालं होतं. एक बाई दुसऱ्या वाढीसाठी पातेलं ओढायला वाकली आणि तिने काठाखालचं नाव मोठ्याने वाचलं.

मग ती थांबली.

"हे गजभियांचं आहे? कोणी आणलं हे?"

कोणी ओरडलं नाही. मला कोणी मारलं नाही. बायका एकमेकींशी हळू बोलल्या. मुलांच्या पुढची ताटं उचलली. दोघांनी पातेलं कापडाने धरून जिन्याखाली नेलं. मागच्या अंगणात गायी होत्या, भात त्यांच्यापुढे ओतला. वर बाळाचं नाव ठेवत होते. बायका पाळणा म्हणत होत्या.

माझं ताट उचलायला कोणी आलं नाही. मी भात खाल्ला. त्या घरात तो भात फक्त मी खाल्ला. चांगला झाला होता.

पातेलं आमच्या दारात उपडं ठेवून गेले. आईने ते आत घेतलं, धुतलं, पुसलं. संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले. त्यांनी ऐकलं आणि पेटीतून कानस काढली. लोखंड घासायची, फिटरची. आईने पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि बाबांनी नाव घासलं. मग परात. मग डबे. मग तांब्या. माझं दूध प्यायचं फुलपात्रसुद्धा. पितळेचा भुगा आईच्या लुगड्यावर पडत होता, चकचकीत. मी विचारलं, "बाबा, काहून घासता?"

"आता कोनी वाचनार नाही," बाबा म्हणाले.

ते माझ्यासाठी घासत होते. हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा आई नव्हती. त्या पातेल्यात मी अजून भात करते. कितीही घासा, नावाच्या जागी चमक येत नाही. तिथे ओरखड्यांत काळं बसतं. नाव नाही, पण नाव घासल्याची जागा सगळ्यांना दिसते.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या.

"काकू, आडनाव राहील."

"अगं, मग माझ्या भिंतीवर नको. वाईट वाटून घेऊ नकोस."

"ठीक आहे. खोली नको मला. आणि आजपासून टिफिनही येणार नाही."

"टिफिनचं काय त्यात?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"माझं नाव तुमच्या भिंतीला चालत नाही. मग माझी भाजी तुमच्या ताटात कशी चालते, ते मला समजत नाही."

काकूंचे डोळे भरले. "इतकं तोडून बोलायला मी तुझं काय केलं गं?"

पायऱ्या उतरताना रडू आलं. मला त्या आवडत होत्या. माझा नवरा गेला तेव्हा त्या आल्या होत्या, माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. माणूस तुमच्याशेजारी जमिनीवर बसतं आणि तुमचं नाव भिंतीवर सोसत नाही. दोन्ही खरं असतं. हे समजून घ्यायला मला फार त्रास झाला. अजून होतो.

दुकान रांझीलाच मिळालं, कुंडमची बस थांबते तिथे. खोली अंधारी. मालकाने एकच विचारलं, भट्टी कुठे लावणार.

मग पुन्हा बोर्ड. या वेळी मी सगळं नव्याने बघितलं. फ्लेक्स ब्लेडने फाटतो. पत्र्यावर रंगवलेलं नाव कोणी रंगाने झाकतं. ग्लो साइनला एक दगड पुरतो. अॅक्रिलिकची चिकटवलेली अक्षरं पेचकसाने निघतात. प्रत्येक बोर्डाकडे मी एकच गोष्ट बघत होते, हा पुसायला किती सोपा आहे.

रिछाईतल्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी फाटकाची जाळी कापत होते. मी म्हटलं, "भैया, अशी अक्षरं होतील?"

"आर-पार काट दूँगा, दीदी. पीछे से लाइट मार देना. पर चद्दर मोटी है, वज़न बहुत होगा. नाम के लिए इतना कौन करता है?"

"मैं करती हूँ," मी म्हटलं.

लावायच्या सकाळी बोर्ड दुकानापुढे दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता. मी बाबांना बोलावलं नव्हतं. ते काठी टेकत आपणच आले. बराच वेळ उभे राहिले. मग एकेका अक्षरात बोट घालून कडा चाचपू लागले. ग. ज. भि. शेवटच्या अक्षराशी थांबले.

"कानस आन," म्हणाले.

बाबांना आता तरी काय घासायचं होतं?

"त्यानं कडेची बर तशीच ठेवली," ते म्हणाले. लोखंड कापलं की कडेला धार उरते, तिला ते बर म्हणतात. "हात कापंल कोनाचा."

त्यांच्याच बोटाला रक्त आलं होतं. त्या अक्षरांनी पहिलं रक्त माझ्या बापाचं काढलं. मी पदराने बोट दाबून धरलं. बोट हलकं झालं होतं, पाखरासारखं. एकेकाळी याच हाताने घरातली सगळी नावं घासून काढली होती.

"आन ना माय, कानस. दोन हात मारतो."

"नको बाबा. राहू द्या."

"अवं, लागंल कोनाले."

"लागू द्या."

बाबांनी मान खाली घातली. चांगलं केलंस म्हणाले नाहीत. जेवायलाही थांबले नाहीत. घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसापासून ते दुकानावरून जातात तेव्हा मान वर करत नाहीत.

बोर्ड लागला आहे. गाडी थांबते. माणूस उतरतो, मान वर करतो, वाचतो, पुन्हा गाडीत बसतो. असे बरेच जातात. मी मोजत नाही. जे आत येतात ते वाचून येतात. त्यांना मी आईच्या पातेल्यातला भात वाढते, आणि घासलेली जागा मुद्दाम त्यांच्याकडे करते.

कानस माझ्या गल्ल्यात आहे. बाबांच्या पेटीतून मीच काढून आणली. ती आता कोणाला मिळणार नाही, बाबांनाही नाही. हे नाव काढायचं असेल तर आख्खा पत्रा उतरवावा लागेल. त्यासाठी शिडी लावावी लागेल, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.

शिडीखाली मी उभी असेन.