दोऱ्याने लावलेली चाकं

कॅनडात, विनिपेगबाहेरच्या खडकाळ वाटेवर माझ्या ट्रकचा टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा दांडा, वाकला. मी दुप्पट जाडीचा मागवला आणि गॅरेजमध्ये स्वतःच बसवला. आईबरोबर नागपूरहून आलेले बाबा खुर्ची टाकून बघत होते. त्यांची सगळी हयात बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करण्यात गेली.

"आता चाकं सरळ लावून घे," ते म्हणाले.

"त्याला मशीन असतं, बाबा. उद्या दुकानात नेतोय," मी तिरसटपणे म्हटलं.

त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरला आणि चाकं दोऱ्याच्या रेषेत येईपर्यंत माझ्याकडून तो दांडा अर्धा-अर्धा आटा फिरवून घेतला. मी धुसफुसत होतो, पण फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या माणसाने स्क्रीन दोनदा पाहिली आणि ट्रक तसाच परत दिला. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परतताना मोकळ्या सरळ रस्त्यावर मी खुशीत क्षणभर दोन्ही हात सोडले. ट्रक रेषेत चालला होता.

शेजारून बाबा ओरडले, "स्टिअरिंग धर ना बे! दोराच होता तो."