चष्म्याच्या डबीतला ब्राउझर

माझ्या आत्याला आजवर कोणत्याही ऑफिसात स्वतःची खुर्ची मिळाली नाही. ती बदली टायपिस्ट. कुणाचं बाळंतपण, कुणाची कावीळ, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, अशा दुसऱ्यांच्या दुखण्यांवर तिचं पोट. एजन्सीचा फोन आला की ही डबा आणि छत्री उचलून निघाली. आज वकिलाकडे, पुढच्या आठवड्यात टाइल्सच्या गोदामात, मग दातांच्या डॉक्टरकडे. "कुठे मन रमतं का गं?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "रमायच्या आत ते माणूस बरं होऊन परत येतं."

बदलीच्या कामाचा एकच नियम, तो तिने कडक पाळला. कायमचं माणूस दारात दिसलं की खुर्चीतून उठायचं. हातातलं वाक्य पुरं करायलाही थांबायचं नाही. म्हणून आत्या खुर्चीत कधी टेकून बसायची नाही. आमच्या घरी सोफ्यावरसुद्धा ती अशी कडेला बसते की बघणाऱ्याला वाटावं, ही आत्ता निघणार आहे. मग चांगली जेवून, भांडी घासून, माझ्या बाबांशी वाद घालून तीन तासांनी निघते.

पण या फिरतीत तिची एक पंचाईत होत असे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून फिरणं. ब्राउझर उघडावा तर त्यात कुणाच्या तरी आवडीच्या साइट, कुणाचे तरी पासवर्ड, एक अक्षर टाइप केलं की कुणाची तरी जुनी हौस वर येणार. त्यात एका विमा कंपनीत तिची स्वतःची मेल उघडी राहिली. दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसला तिच्या बद्धकोष्ठाची खबर लागली, आणि येणारा जाणारा तिला कोमट पाण्याचं महत्त्व सांगू लागला. ती त्या संध्याकाळी तडक माझ्याकडे आली. "तुम्हा पोरांना एवढं येतं ना? मग मला असं काहीतरी दे की माझं सगळं माझ्याबरोबर येईल आणि माझ्याबरोबर जाईल."

मी तिला एका पेनड्राइव्हवर ब्राउझर टाकून दिला. कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायला नको. पेनड्राइव्ह खोचायचा, त्यातलं चिन्ह दाबायचं, की तिची मेल, तिची शब्दकोडी, तिने खुणा करून ठेवलेल्या साइट, सगळं तिने काल सोडलं तसं समोर. काम संपलं की बंद करून काढून घ्यायचा. त्या कॉम्प्युटरला ताकास तूर लागू द्यायची नाही. आत्या इतकी खूश झाली की तिने मला त्या आठवड्यात दोनदा नवीन रुमाल आणून दिले. पेनड्राइव्हला तिने बुटाची नाडी बांधली आणि तो चष्म्याच्या डबीत ठेवू लागली. चष्मा तेव्हापासून पर्समध्ये तसाच, चरे पडत.

त्या ब्राउझरमध्ये वर्षभरापूर्वी एक लिफ्टवाले येऊन राहिले.

झालं असं की एका चार मजली ऑफिसात ती बदलीवर असताना लिफ्ट बंद पडली. साहेबांनी तिला लिफ्टच्या कंपनीकडे तक्रार टाइप करायला सांगितली. आत्याने ती अशी काही फर्मास लिहिली की दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकने, विधुर माणूस, स्वतः उत्तर पाठवलं: 'लिफ्ट सुरू केली आहे. एवढी सभ्य शिवी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.' आत्याने स्वतःच्या मेलवरून आभार मानले. मग त्यांनी आभाराबद्दल आभार मानले. लिफ्ट पुन्हा दोनदा बंद पडली, हे दोघं काही थांबले नाहीत.

ते सुटसुटीत लिहायचे. आत्या मात्र लांबलचक. ते दर महिन्याला विचारायचे, 'रविवारी बागेत येता का?' आणि ही दर महिन्याला पाऊस, पाठदुखी, दादांची तब्येत अशी कारणं जोडून मजकूर लिहायची. माझे बाबा म्हणजे तिचे दादा, ठणठणीत होते. तिच्या मेलमध्ये मात्र ते वर्षभर अंथरुणाला खिळलेले.

"अगं, एकदा भेट तरी," मी म्हणायची.

"कशाला? डबीत मावतोय तेवढा बरा आहे."

मला हसू यायचं, पण वाईटही वाटायचं. ही बाई जन्मभर अशा तयारीने बसली होती की कुणीतरी येईल आणि उठा म्हणेल. त्या माणसाच्या आयुष्यात बसायचं म्हणजे पुन्हा तेच. त्यापेक्षा न बसलेलं बरं, असा तिचा हिशोब होता. आणि पुढच्या एखाद्या महिन्यात त्या लिफ्टवाल्यांनी विचारणंच सोडून दिलं असतं.

वकिलाच्या ऑफिसात ती एका बाईंच्या जागी होती. त्या बाई तिथे इतकी वर्षं होत्या की आम्ही त्यांचं नाव कायमबाई ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत आत्याने मेल उघडली होती. 'या रविवारी येता का?' याला ती नेहमीप्रमाणे उत्तर लिहीत होती. दादांचा ताप नुकताच चढवून झाला होता, एवढ्यात मागून आवाज आला, "बरी झाले मी. घरी बसून कंटाळा आला."

कायमबाई! एक दिवस आधी! आत्या चटका बसल्यासारखी उठली. स्क्रीनवरची खिडकी तेवढी खाली ढकलली, छत्री घेतली, डबा घेतला आणि बाहेर. पेनड्राइव्ह टेबलाखालच्या सीपीयूला मागून लोंबकळत राहिला, नाडीसकट.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे तिने चष्म्याची डबी उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नाव नोंदवायला आलेल्या एका पेशंटला तसंच आ वासून बसवून ती वकिलाकडे धावली.

कायमबाईंनी पेनड्राइव्ह नाडी नीट गुंडाळून, पाकिटात घालून ठेवला होता. "तुमचं एक उत्तर अर्धवट पडलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या टेबलावर पेंडिंग ठेवायची मला सवय नाही. उरकून टाकलं."

"उरकून म्हणजे?"

"तो ताप वगैरे मजकूर खोडला. 'येते. उशीर करू नका.' एवढंच लिहून पाठवलं. एका ओळीचं काम होतं हो बाई ते."

आत्याने त्या संध्याकाळी आमच्या घरी आकाशपाताळ एक केलं. कायमबाईंना तिने जी विशेषणं लावली, ती तिने आयुष्यात टाइपसुद्धा केली नसतील. बाबा पोट धरून हसत होते.

"दादा, हसू नकोस! तुझा ताप काढून टाकलाय त्या बाईने!"

"बरं झालं. वर्षभर आजारी होतो म्हणे मी."

"मेल करून सांग की चुकून गेलं," मी म्हटलं.

"तसं कसं? माझ्या नावाने 'येते' म्हणून गेलंय. कबूल करून टांग मारणारी बाई मी नाही. रविवारी जाणार, आणि तोंडावर नाही म्हणून सांगणार. कायमचं." मग ती सोफ्याच्या कडेवर बसून माझ्यासमोर तालीम करू लागली. 'क्षमस्व, माझा तसा विचार नाही.' 'आपण चांगले आहात, परंतु.' त्या 'परंतु'शी तिचा आवाज दर वेळी अडकायचा. मला खात्री होती की ती म्हणणार. कामात तिने कधी हलगर्जीपणा केला नव्हता.

रविवारी मी तिच्या आधी बागेत जाऊन शेजारच्या बाकावर बसले. तोंडासमोर वर्तमानपत्र. आगाऊपणा होता, मान्य, पण घरी बसून माझ्या जिवाचं पाणी झालं असतं.

लिफ्टवाले आधीच आले होते. बुटके, इस्त्रीचा शर्ट, आणि कितीही धुतले तरी नखांत ग्रीस राहिलेले हात. आत्या आली, बाकाच्या अगदी टोकाला टेकली आणि बसताबसताच सुरू झाली.

"हे बघा, आधी एक सांगते. ते 'येते' मी लिहिलेलं नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही 'उशीर करू नका' म्हणाल? तुम्ही तर लिफ्टला शिवी देतानाही 'कृपया' म्हणता. वाचलं आणि कळलं, या तुम्ही नव्हेत."

मी वर्तमानपत्राचं पान उलटायचं विसरले.

"मग आलात कशाला?"

"म्हटलं, मेल कुणीही लिहिलेली असो, तुम्हाला ती कळेलच. आणि कळल्यावर तुम्ही नाही म्हणायला का होईना, येणार. न सांगता गैरहजर राहणाऱ्यांतल्या तुम्ही नाही."

आत्याने छत्री मांडीवर आडवी घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी नाहीच म्हणायला आलेय."

"म्हणा की. मी ऐकतोय. मला काही घाई नाही, आज कुठली लिफ्ट अडकलेली नाही."

तिने घसा साफ केला. "क्षमस्व," म्हणाली. "आपण चांगले आहात," म्हणाली. "परंतु," म्हणाली. आणि तिथे थांबली. मला राहवलं नाही. मी वर्तमानपत्राच्या कडेने डोकावले. लिफ्टवाले तिच्याकडे बघतही नव्हते, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून समोरच्या कारंज्याकडे बघत बसले होते. आत्या त्यांच्याकडे बघत होती. बघता बघता ती मागे सरकली आणि तिने बाकाला पाठ टेकली. मी त्या बाईला जन्मल्यापासून ओळखते, टेकून बसलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. डोळे पुसायला वर्तमानपत्र फारसं उपयोगाचं नसतं, हेही तेव्हाच कळलं.

आता ते माझे आतोबा आहेत. दोघांचं कडाक्याचं वाजतं, कधी मीठ जास्त झाल्यावरून, कधी पंख्याच्या वेगावरून. आत्या रागाने लालबुंद होते, तावातावाने बोलते. ते सगळं ऐकून घेतात आणि खुर्ची पुढे ओढून विचारतात, "आता म्हणतेस का? परंतुच्या पुढचं?"

अजून तिने म्हटलेलं नाही.